कराराच्या कोशाचे दोन वारस

बाभळीच्या लाकडाची एक पेटी. लांबी अडीच हात, रुंदी दीड हात, उंचीही दीड हात. आतून-बाहेरून सोन्याने मढवलेली. चार कोपऱ्यांना चार कड्या, कड्यांत दोन दांडे, आणि ते दांडे कधीही काढून ठेवायचे नाहीत असा दंडक. वर सोन्याचे झाकण, झाकणाच्या दोन टोकांना पंख पसरून समोरासमोर उभे असलेले दोन करूब. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सुताराला सांगावे तसे हे माप सांगितले आहे. आत काय ठेवायचे? सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या आज्ञांच्या दोन दगडी पाट्या. इस्राएल लोकांच्या या देवाला मूर्ती नव्हती. दोन करूबांच्या मधल्या रिकाम्या जागेतून तो मोशेशी बोलत असे.

हा कराराचा कोश. वाळवंटातल्या भटकंतीत तो खांद्यावरून वाहिला गेला, लढाईत शत्रूच्या हाती पडला, परत आला, दावीद राजाने तो नाचत-गात यरुशलेमात आणला आणि शलमोनाने मंदिराच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात ठेवला. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने ते मंदिर जाळले. त्यानंतर कोशाचा पत्ता नाही. पुढे दुसरे मंदिर उभे राहिले, पण त्याचा गाभारा रिकामा होता. कोशाच्या जागी जमिनीपासून तीन बोटे वर आलेला एक दगड होता आणि महायाजक धुपाचे पात्र त्यावर ठेवी, असे यहुदी परंपरेतील ‘मिश्ना’ हा ग्रंथ सांगतो.

वस्तू नाहीशी झाली; तिचा अर्थ मात्र वाढत गेला, आणि दोन दिशांनी वाढला. यहुद्यांनी त्या कोशाची आठवण सभास्थानातल्या कपाटाला दिली. त्या कपाटात तोराच्या गुंडाळ्या असतात. ख्रिस्ती मंडळींनी, विशेषतः कॅथलिकांनी, त्याच कोशात येशूची आई मरिया पाहिली. एकाच वस्तूचे हे दोन वारस. पुढची जवळजवळ दोन हजार वर्षे ते एकमेकांना कसे वागवत आले, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. दुसऱ्याचा ग्रंथ आपला म्हणून वाचताना त्या दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न आहे.

ठसा आणि नाणे

या वाचनपद्धतीला आपण ‘पूर्वछाया-वाचन’ म्हणू. तिचे मूळ ग्रीक ‘तुपोस’ या शब्दात आहे. तुपोस म्हणजे ठशाने उमटलेली खूण. त्यावरून नमुना, आकृती. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामाला येणाऱ्याचा ‘तुपोस’ म्हटले आहे. येणारा म्हणजे ख्रिस्त. करिंथकरांस लिहिताना तो म्हणतो, आपले पूर्वज समुद्रातून पार गेले तो त्यांचा बाप्तिस्माच होता. वाळवंटात ज्या खडकातून त्यांना पाणी मिळाले तो खडक ख्रिस्त होता. योहानाच्या शुभवर्तमानात मोशेने खांबावर उंच केलेला पितळी साप क्रुसावरच्या येशूशी जोडला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना कबरीतल्या तीन दिवसांची खूण ठरतो.

रूपककथेहून ही पद्धत वेगळी आहे. रूपकात कथा निमित्तमात्र असते. अर्थ हाती आला की कथा विसरली तरी चालते. पूर्वछाया-वाचनात मात्र दोन्ही टोके खरी मानलेली असतात. योना खरा, कबर खरी. देव माणसांच्या शब्दांप्रमाणेच घटनांनीही लिहितो, अशी त्यामागची श्रद्धा आहे. पहिली घटना म्हणजे वचन, दुसरी म्हणजे पूर्तता.

कोश आणि मरिया यांचा संबंध नव्या करारात कुठेही उघड सांगितलेला नाही. पण लूकचे शुभवर्तमान आणि शमुवेलाचे दुसरे पुस्तक शेजारी ठेवून वाचले की कॅथलिक वाचकाला काय ऐकू आले असेल ते कळते. दावीद कोश आणायला निघाला तेव्हा उज्जा नावाच्या माणसाने कलंडणारा कोश सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. दावीद घाबरला, परमेश्वराचा कोश माझ्याकडे कसा यावा, असे म्हणाला. मग कोश ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहिला आणि त्या घराची भरभराट झाली. लूकच्या कथेत गरोदर मरिया यहुदाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. माझ्या प्रभूच्या आईने माझ्याकडे यावे हे कसे घडले, असे अलीशिबा विचारते. तिच्या उदरातले बाळ उसळी मारते, जसा दावीद कोशापुढे नाचला होता. आणि मरिया तिथे सुमारे तीन महिने राहते.

याहून बारीक धागा एका क्रियापदाचा आहे. निर्गमाच्या शेवटी ढग दर्शनमंडपावर उतरतो आणि मंडप देवाच्या तेजाने भरतो. अलेक्झांड्रियात झालेल्या बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्तुआगिंतात, ढगाच्या सावली धरण्यासाठी जे क्रियापद आहे, तेच लूकने देवदूताच्या तोंडी घातले आहे: परात्पराचे सामर्थ्य मरियेवर सावली धरील. ग्रीक बायबल कानात असलेल्या श्रोत्याला तंबू, ढग आणि कोश आठवल्याशिवाय राहणार नाही.

तरी हा अर्थ एका दिवसात ठरला नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमच्या हिप्पोलिटसने कोश म्हणजे ख्रिस्ताचे शरीर असे सांगितले होते. मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यास ४३१ साली एफेसच्या धर्मसभेने मान्यता दिली, आणि त्यानंतर कोशाची उपमा तिच्याकडे अधिकाधिक वळली. कोशात दगडावर लिहिलेला शब्द होता, हिच्या उदरात देहधारी शब्द. तिथे मान्ना, इथे जीवनाची भाकर. जळूनही न जळणाऱ्या झुडपात निसाच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात तिचे अक्षत कौमार्य पाहिले. अहरोनाची फुललेली काठी, गिदोनाची दवाने भिजलेली लोकर, यहेज्केलाच्या दर्शनातले बंद दार, सगळ्या खुणा तिच्याभोवती गोळा झाल्या. १५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी मान्य केलेल्या लोरेटोच्या स्तवनमालेत मरियेच्या नावांमध्ये दाविदाचा बुरूज, हस्तिदंती बुरूज आणि कराराचा कोश ही नावे आहेत.

मूर्तिकाराचा मातीचा नमुना

या वाचनाची गरज का पडली? दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या धनिक जहाजमालकाने रोममध्ये एक सरळ उपाय सुचवला. यहुद्यांचा न्यायनिष्ठुर देव वेगळा, येशूचा प्रेमळ पिता वेगळा. तेव्हा यहुद्यांचे ग्रंथ टाकून द्यावेत. १४४च्या सुमारास चर्चने त्याला बाहेर काढले. पण ग्रंथ ठेवायचे, आणि सुंता, शब्बाथ, बलिदाने हे विधी मात्र पाळायचे नाहीत, तर मग त्या ग्रंथांचे करायचे काय? पूर्वछायेने उत्तर दिले: ते सारे विधी खरे होते, देवाचेच होते, आणि ज्याच्याकडे ते बोट दाखवत होते तो आता आला आहे. ख्रिस्ती बायबलात हिब्रू ग्रंथ टिकले यात या उत्तराचा मोठा वाटा आहे.

त्याच उत्तरात विषही होते. सार्दिसचा बिशप मेलितो याचे दुसऱ्या शतकातले वल्हांडणावरील प्रवचन शतकानुशतके हरवले होते. १९४० साली ते प्रसिद्ध झाले. त्यात एक अगदी कारागिरी दृष्टान्त आहे. मूर्तिकार आधी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा लहान नमुना करतो. पुढे उभे राहणारे काम त्यात दिसते म्हणून त्या नमुन्याला मोल असते. खरे काम पुरे झाले की नमुना निरुपयोगी होतो. इस्राएल हा नमुना होता, चर्च हे काम. याच प्रवचनात पुढे मेलितो इस्राएलवर देवाच्याच हत्येचा आरोप ठेवतो.

दृष्टान्त साधा आहे, पण त्यातला नमुना मातीचा नव्हता. सार्दिसमध्येच यहुद्यांची जुनी वस्ती होती. ते लोक वल्हांडण पाळत होते, तोरा वाचत होते, आपण कुणाचा कच्चा आराखडा आहोत असे त्यांना वाटत नव्हते. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑगस्टिनने त्यांना वेगळी जागा दिली. यहुदी हे आपले ग्रंथ वाहणारे सेवक आहेत, असे त्याने लिहिले. धन्याच्या मुलाची पुस्तके घेऊन मागे चालणाऱ्या गुलामासारखे. या विचाराने यहुद्यांना मारू नये असा आधार मिळाला. पण ज्याला तुम्ही हमाल ठरवता, त्याला पुस्तक वाचता येते हे सोयीस्करपणे विसरले जाते.

द्राक्षांचा घोस

मध्ययुगात ही पद्धत भिंतींवर, काचांवर आणि वेद्यांवर उतरली. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग मठात व्हर्दूंच्या निकोलसने ११८१ साली पुरे केलेले मीनाकाम आजही आहे. चौदाव्या शतकात त्यात भर पडून आता त्याच्या ५१ पट्ट्या आहेत, तीन ओळींत मांडलेल्या. वरची ओळ मोशेच्या नियमशास्त्राआधीची, खालची नियमशास्त्राच्या काळातली, मधली ख्रिस्ताची. मधे प्रभूचे शेवटचे भोजन, तर वर भाकर व द्राक्षारस आणणारा मल्कीसदेक, खाली सोन्याच्या कलशातला मान्ना. पंधराव्या शतकातल्या ‘बिब्लिया पाउपेरुम’ या चित्रपुस्तकांत हीच मांडणी आडवी झाली: मधे येशूचा जन्म, एका बाजूला जळते झुडूप, दुसऱ्या बाजूला अहरोनाची काठी.

निकोलसच्या मीनाकामात क्रुसाखाली एक चित्र आहे. कनान देश पाहून परतणारे दोन हेर दांडीवर द्राक्षांचा भला थोरला घोस वाहून आणत आहेत. गणना या पुस्तकातली ही गोष्ट. मध्ययुगीन भाष्यकार सांगत: दांडीला टांगलेला घोस म्हणजे क्रुसावरचा ख्रिस्त. पुढचा माणूस यहुदी. त्याची पाठ घोसाकडे, म्हणून त्याला तो दिसत नाही. मागचा ख्रिस्ती, त्याच्या डोळ्यांपुढे घोस आहे. हा अर्थ लावणाऱ्यांच्या मनात आले नसावे असे एक साधे सत्य त्या चित्रात आहे. पुढच्याने खांदा काढला तर घोस जमिनीवर येतो.

दिसत नाही, हा शब्द दगडातही कोरला गेला. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलसाठी १२३०च्या सुमारास दोन स्त्रियांचे पुतळे घडवले गेले. चर्च ताठ उभी, मुकुट घातलेली, हाती क्रूस. सिनेगॉगच्या डोळ्यांवर पट्टी, भाला मोडलेला, हातातून पाट्या निसटत आहेत. कोशात होत्या त्याच पाट्या. शिल्पकाराने तिला कुरूप केले नाही, उलट ती फार सुंदर आहे. आणि म्हणूनच पट्टी अधिक बोचते. १२४२ साली पॅरिसमध्ये तालमूदच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या.

त्याआधी दीडेकशे वर्षे, फ्रान्समधल्याच त्र्वा गावी राशी नावाचा रब्बी तोरावर ओळीओळीने भाष्य लिहीत होता. शब्दाचा सरळ अर्थ काय, व्याकरण काय सांगते, संदर्भ काय, याकडे त्याचे लक्ष असे. १२६३ साली बार्सिलोनात अरागोनच्या राजासमोर जाहीर वाद झाला. एका बाजूला यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती संन्यासी झालेला पाब्लो, दुसऱ्या बाजूला रब्बी नाहमानिदेस. नाहमानिदेसचे म्हणणे थोडक्यात असे: मसीहा आला असेल तर संदेष्ट्यांनी सांगितलेली शांतता कुठे आहे? डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाचा हा प्रश्न नव्हे.

कॅथलिक परंपरेतही लगाम होता, हे सांगितले पाहिजे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने स्पष्ट केले की आध्यात्मिक अर्थ शब्दार्थावरच उभा राहतो आणि वादात पुरावा म्हणून शब्दार्थच धरता येतो. छाया पाहून श्रद्धेला आनंद होईल. तिने समोरच्याला हरवता येणार नाही.

आदिपुराण आणि अस्थी

ही वाचनपद्धती आपल्या भाषेत आली ती साष्टीच्या वाटेने. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेच्या पुस्तकांमुळे अनेकांना ठाऊक आहेत. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ही विभागणीच पूर्वछायेची आहे. पहिले पुराण दुसऱ्याची वाट पाहते.

तिथे या पद्धतीला आणखी एक काम करावे लागले. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्यांना आपल्या पुराणांच्या जागी दुसरे पुराण हवे होते. स्टीफन्सने त्यांना इब्री पूर्वज दिले, आणि तेही त्यांच्याच ओवीत, त्यांच्याच शब्दकळेत, वैकुंठासह. त्या ओव्या ऐकणाऱ्यांना मोशे आणि दावीद परके वाटले नसतील.

आता त्याच गोव्यातली दुसरी नोंद पाहावी. औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातला होता. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० साली, म्हणजे स्टीफन्स गोव्यात आल्यानंतर वर्षभराने, ओर्ताच्या अस्थी उकरून काढून त्या जाळण्यात आल्या.

स्टीफन्सचा त्यात काही हात होता असे मला सुचवायचे नाही. पण या दोन नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ज्या भूमीत पुराणातल्या अब्राहामाला देवळाच्या जागी आणून बसवले, तिथेच अब्राहामाच्या हयात वंशजांना शब्बाथ पाळायची सोय नव्हती. पूर्वछाया म्हणून यहुदी पूज्य. शेजारी म्हणून तो सहन होत नव्हता. मेलितोच्या नमुन्याचे व्यवहारात काय होते ते इथे दिसते.

इस्तंबूलचा निबंध

विसाव्या शतकात मार्सियन पुन्हा उभा राहिला. १९३३च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या क्रीडागृहात नाझीधार्जिण्या ‘जर्मन ख्रिश्चन’ गटाच्या सभेत जुना करार टाकून द्यावा अशी मागणी झाली. त्याच वर्षी ख्रिस्तजन्माच्या आधीच्या आठवड्यांत म्यूनिकचे कार्डिनल फाउलहाबर यांनी जुन्या कराराच्या बाजूने प्रवचने दिली. मात्र ती प्राचीन इस्राएलच्या ग्रंथांची बाजू होती, समोरच्या रस्त्यावर मार खाणाऱ्या यहुद्यांची नव्हे. जुनी फट तशीच होती.

एरिक आउअरबाख हा मारबुर्ग विद्यापीठातला यहुदी प्राध्यापक. १९३५ साली नोकरी गेली, पुढच्या वर्षी तो इस्तंबूलला गेला. १९३८ साली त्याने ‘फिगुरा’ हा निबंध प्रसिद्ध केला. फिगुरा म्हणजे तुपोसचे लॅटिन रूप. ख्रिस्ती पूर्वछाया-वाचनात पहिली घटना पुसली जात नाही, ती आपल्या पायांवर खरी राहते, आणि युरोपच्या वाङ्मयात इब्री माणसे टिकली ती या पद्धतीमुळे, असे त्याने दाखवले. आपला ग्रंथ जाळायला निघालेल्या काळात एका यहुदी अभ्यासकाने ख्रिस्ती वाचनपद्धतीचे हे बळ ओळखून लिहावे, याचे मोल विसरता येत नाही.

रोममध्ये बदल सावकाश झाला. १९५० साली पोप पायस बारावे यांनी मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली हा सिद्धान्त जाहीर केला, तेव्हा कोश पुन्हा पुढे आला. बाभळीच्या लाकडाला सेप्तुआगिंतात ‘न कुजणारे लाकूड’ म्हटले आहे. त्यावरून जुन्या आचार्यांनी मरियेचा देह कुजला नाही असे सुचवले होते. पोपनी त्यांचा उल्लेख केला, आणि काही प्रवचनकारांनी शास्त्रवचने बरीच मोकळेपणाने वापरली आहेत अशी नोंदही केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र काढले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही आणि देवाने त्यांना टाकलेले नाही, असे त्यात सांगितले. २००१ साली बायबलविषयक परमधर्मपीठीय आयोगाने आणखी एक पाऊल टाकले: यहुदी लोक आपल्या शास्त्राचे जे वाचन करतात तेही शक्य आणि सुसंगत वाचन आहे, आणि त्यांची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही. मागच्या माणसाने पुढच्याशी बोलायला सुरुवात केली. २०१५ साली फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ विद्यापीठात चर्च आणि सिनेगॉग यांचे नवे शिल्प बसले. दोघी शेजारी बसल्या आहेत, एकीच्या हाती पुस्तक, दुसरीच्या हाती गुंडाळी, आणि दोघी एकमेकींच्या पानात डोकावत आहेत. डोळ्यांवर पट्टी नाही.

कॅथलिकांनी कोशात मरिया पाहणे सोडून द्यावे असा याचा अर्थ नाही. ते वाचन त्यांच्या श्रद्धेचे हाड आहे. अट एवढीच की कोश आधी कोश असला पाहिजे. ज्यांनी तो खांद्यावर वाहिला त्यांच्या वाचनाला ‘अर्धवट’ म्हणून वाटेला लावले की छाया पाडणारी वस्तूच हातातून जाते.

मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली स्थापन केलेले बेने इस्राएल समाजाचे सभास्थान आहे, शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. कोकणातून आलेला हा समाज मराठी बोलतो. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तने होत. नवस फेडताना ते गोड पोह्यांचा मलिदा करून एलीया संदेष्ट्याचे नाव घेतात. ख्रिस्ती वाचनात एलीया बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची पूर्वछाया आहे. अलिबागकडच्या मलिद्याच्या ताटासमोर तो फक्त एलीया असतो. सभास्थानात तोराचे कपाट उघडताना, कोश पुढे निघाला की मोशे जे म्हणत असे, ते वचन हिब्रूत म्हटले जाते. तिथून काही मैलांवर, वसईच्या गावांतून संध्याकाळी मरियेची स्तवनमाला मराठीत म्हटली जाते आणि तिच्या नावांत कराराचा कोश येतो. पेटी अडीच हातांची, अडीच हजार वर्षांपूर्वी हरवलेली. तिचे दोन्ही वारस आपल्याच भाषेत नांदत आहेत.